अमेरिकन बार परीक्षेसाठी मूळ नियमांची उजळणी : भारतात कायदा शिकलेल्यांसाठी सविस्तर आराखडा

मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेऊन, पुढे अमेरिकेत एलएल.एम. करून न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची अडचण तिथल्या जे.डी. (तीन वर्षांची मूळ कायद्याची पदवी) पदवीधरापेक्षा वेगळी असते. जे.डी. विद्यार्थी तीन वर्षे त्याच कायद्यात वावरलेला असतो आणि विसरलेले आठवणे एवढेच त्याचे काम असते. आपल्याकडून गेलेल्या वकिलाला मात्र दोन कामे एकदम करावी लागतात : जे कधी शिकलेच नाही ते शिकायचे, आणि जे पक्के शिकलेले आहे त्यातले काय तिथे चालत नाही हे ओळखायचे. माझ्या मते यांतले दुसरे काम जास्त अवघड आहे. भारतीय आणि अमेरिकन कायदा दोन्ही इंग्लिश कॉमन लॉमधून, म्हणजे निवाड्यांतून घडत गेलेल्या कायद्यातून, निघालेले असल्यामुळे संज्ञा त्याच असतात, युक्तिवादाची धाटणीही ओळखीची वाटते, आणि त्यामुळेच अनोळखी नियमांपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या नियमांवर गुण अधिक जातात. पुढील आराखडा याच गोष्टीभोवती बांधलेला आहे.

परीक्षेची चौकट आणि तिच्यावरून ठरणारा अग्रक्रम

न्यूयॉर्कसह चाळीसच्या आसपास अधिकारक्षेत्रांत युनिफॉर्म बार एक्झाम घेतली जाते. ती फेब्रुवारी आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी असते. पहिला दिवस लेखनाचा असतो. त्यात प्रत्येकी ३० मिनिटांचे सहा निबंधवजा प्रश्न असतात, ज्यांना एमईई म्हणतात, आणि प्रत्येकी ९० मिनिटांची दोन प्रात्यक्षिक कामे असतात, ज्यांना एमपीटी म्हणतात. दुसऱ्या दिवशी एमबीई, म्हणजे सकाळी तीन तासांत १०० आणि दुपारी तीन तासांत १०० असे २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. एकूण गुणांत एमबीईचा वाटा ५० टक्के, एमईईचा ३० टक्के आणि एमपीटीचा २० टक्के आहे. गुणांकन ४०० पैकी होते आणि न्यूयॉर्कमध्ये उत्तीर्ण होण्यासाठी २६६ लागतात.

एमबीईच्या २०० प्रश्नांपैकी १७५ प्रश्नांचेच गुण धरले जातात. दिवाणी प्रक्रिया, संविधान, करार, फौजदारी कायदा व प्रक्रिया, पुरावा, स्थावर मालमत्ता आणि टॉर्ट (करारबाह्य दिवाणी अपकृत्ये) या सात विषयांना प्रत्येकी २५ प्रश्न मिळतात. उरलेले २५ प्रश्न चाचणीसाठी घातलेले असतात, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. हेच सात विषय एमईईमध्येही येतात, त्यामुळे उजळणीचा बहुतांश वेळ त्यांनाच द्यावा. एमईईत त्यांच्याखेरीज एजन्सी, भागीदारी आणि कंपनी कायदा यांसारखे विषय असतात, परंतु ही यादी सध्या बदलत आहे. जुलै २०२६ पासून काही राज्यांत नेक्स्टजेन नावाची नवी परीक्षा सुरू होत असून न्यूयॉर्कने तिच्यासाठी जुलै २०२८ ठरवले आहे. म्हणून आपण ज्या राज्यात आणि ज्या सत्रात बसणार आहोत त्या सत्राची अधिकृत विषयव्याप्ती ही परीक्षा तयार करणाऱ्या नॅशनल कॉन्फरन्स ऑफ बार एक्झामिनर्सच्या संकेतस्थळावरून उतरवून घेणे, हे पुस्तक उघडण्याच्याही आधीचे काम आहे.

नवख्या परीक्षार्थीचा आणखी एका ठिकाणी गोंधळ होतो. परीक्षा न्यूयॉर्कमध्ये दिली तरी युनिफॉर्म बार एक्झाममध्ये न्यूयॉर्कचा कायदा विचारत नाहीत. दिवाणी प्रक्रिया आणि पुरावा यांसाठी संघीय नियम, मालाच्या विक्रीसाठी युनिफॉर्म कमर्शियल कोड या राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेचे दुसरे प्रकरण, आणि इतरत्र बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेला नियम लागू होतो. न्यूयॉर्कच्या खास नियमांसाठी स्वतंत्र ऑनलाइन अभ्यासक्रम आणि त्यावरची वेगळी परीक्षा असते. त्याशिवाय व्यावसायिक आचारसंहितेच्या एमपीआरई परीक्षेत ८५ गुण आणि ५० तासांची विनामोबदला विधीसेवा या अटी असतात. हे सगळे मुख्य उजळणीत मिसळू नये.

पहिली पायरी : नियमवही

शिकवणी वर्गांचे जाडजूड सारांश वाचून काढणे म्हणजे उजळणी नव्हे. वाचताना सर्व समजते, पण कोऱ्या कागदावर लिहायला बसले की नियमाचे तीन घटक आठवतात आणि चौथा निसटतो, आणि प्रश्न नेमका त्या चौथ्या घटकावर बेतलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने एक नियमवही तयार करावी. तिच्यात प्रत्येक नियम एका पूर्ण वाक्यात, घटक सुटे करून आणि परीक्षेच्याच भाषेत, म्हणजे इंग्रजीत लिहावा. समजून घेण्यासाठी मराठीत विचार करायला काहीच हरकत नाही, उलट अवघड नियम एखाद्याला मराठीत समजावून सांगता आला तर तो खरोखर कळला असे धरावे. मात्र पाठ करायचे वाक्य इंग्रजीतच हवे, कारण उत्तर लिहिताना भाषांतर करायला वेळ नसतो.

ऐकीव पुराव्याचा नियम घेऊन हे जवळून पाहू. न्यायालयाबाहेर केलेले विधान, त्यातील मजकूर खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी पुढे आणले, तर तो ऐकीव पुरावा ठरतो आणि अपवादात बसत नसेल तर अग्राह्य असतो. या वाक्यात दोन बिजागऱ्या आहेत : विधान न्यायालयाबाहेरचे असणे, आणि ते कशासाठी पुढे आणले आहे. समजा, एक भाडेकरू इमारतीच्या मालकाला म्हणाला, ‘जिन्याचा कठडा हलतो आहे,’ आणि दोन दिवसांनी दुसरा माणूस त्या कठड्यावरून पडला. हे विधान कठडा सैल होता हे सिद्ध करण्यासाठी आणले तर ते ऐकीव आहे. मालकाला धोक्याची सूचना मिळाली होती एवढेच दाखवण्यासाठी आणले तर ते ऐकीव नाही, कारण विधान खरे असो वा नसो, ते मालकाच्या कानावर गेले एवढाच मुद्दा उरतो. विधान एकच असले तरी हेतू बदलला की उत्तर उलटते. नियमवहीत या नियमाखाली हे दोन्ही वापर उदाहरणासह लिहून ठेवावेत, कारण परीक्षक व्याख्या विचारत नाही, बिजागरी विचारतो.

एका नियमाला चार ओळी पुरतात : नियमाचे वाक्य, त्याचे घटक, महत्त्वाचा अपवाद आणि नियम लागू होतो हे सुचवणारे एखादे तथ्य. निवाड्यांची नावे फारशी लागत नाहीत. १९४५ च्या इंटरनॅशनल शू निवाड्यातील किमान संबंधांची कसोटी, १९६६ चा मिरांडा, १९६४ चा न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन अशी मोजकी नावे आपोआप लक्षात राहतात. तरीही गुण मिळतात ते नियम बरोबर मांडून तथ्यांना लावण्याचे, नाव लिहिण्याचे नव्हेत.

दुसरी पायरी : दगा देणाऱ्या नियमांचा वेगळा तक्ता

नियमवहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखावेत. डावीकडे भारतीय नियम, उजवीकडे अमेरिकन. हा तक्ता बाजारात विकत मिळत नाही, कारण बाजारातील साहित्य अमेरिकन विद्यार्थ्यासाठी लिहिलेले असते. तो स्वतःच करावा लागतो आणि भारतात शिकलेल्या परीक्षार्थीचे सर्वाधिक गुण तोच वाचवतो, असे माझे ठाम मत आहे.

करारापासून सुरुवात करू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २(ड) प्रमाणे प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, वचन घेणाऱ्याकडून किंवा अन्य कोणाकडूनही येऊ शकते, आणि पूर्वी केलेली कृतीही प्रतिफल ठरू शकते. अमेरिकन नियमात प्रतिफल हे सौदा ठरताना मागितलेले आणि दिलेले असावे लागते, त्यामुळे आधीच होऊन गेलेली कृती साधारणतः प्रतिफल ठरत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरी बीबी निवाड्यापासून मुळातच शून्य मानला जातो. अमेरिकेत तो शून्यकरणीय असतो, म्हणजे अज्ञान व्यक्ती तो रद्द करू शकते किंवा सज्ञान झाल्यावर कायम करू शकते, आणि समोरच्या प्रौढ पक्षाला मात्र तेवढ्या कारणावरून तो झटकता येत नाही. करार विशिष्टरीत्या पार पाडून घेण्याचा हुकूम २०१८ च्या दुरुस्तीनंतर भारतात जवळपास नेहमीचा उपाय झाला आहे. अमेरिकेत मात्र पैशाची भरपाई अपुरी असेल तेव्हाच न्यायालय तो देते, आणि जमीन एकमेव मानली जात असल्यामुळे जमिनीच्या करारात तो सहज मिळतो.

स्वीकृतीच्या नियमातील फरक सर्वांत फसवा आहे. समजा, अ ने ब ला पत्राने प्रस्ताव पाठवला. ब ने ३ जूनला स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले, त्याच संध्याकाळी विचार बदलला आणि ‘मला हा व्यवहार नको’ असा ईमेल केला. तो अ ने लगेच वाचला. स्वीकृतीचे पत्र ५ जूनला पोहोचले. भारतीय कायद्याच्या कलम ४ आणि ५ नुसार स्वीकृती प्रस्तावकाच्या माहितीत येण्यापूर्वी ती मागे घेता येते, त्यामुळे करार झालेला नाही. अमेरिकन नियमानुसार पत्र टपालात पडताच करार पूर्ण झाला आणि नंतरचा नकार निरुपयोगी ठरला. अ ने त्या नकारावर विसंबून काही पाऊल उचलले असेल तर प्रश्न वेगळा होतो. उलट क्रमाने, म्हणजे नकार आधी आणि स्वीकृती नंतर पाठवली, तर जे आधी पोहोचेल ते लागू होते. ऑप्शन करारात, म्हणजे मोबदला घेऊन प्रस्ताव ठराविक काळ खुला ठेवण्याच्या करारात, स्वीकृती पोहोचल्यावरच परिणामकारक होते. या चारही शक्यता तक्त्यात एकाखाली एक मांडाव्यात, कारण बहुपर्यायी प्रश्नाचे चार पर्याय अनेकदा याच शक्यतांमधून बनवलेले असतात.

करारात आणखी एक सवय बदलावी लागते. प्रश्न वाचताच पहिला विचार असा हवा : व्यवहार मालाचा आहे की सेवा अथवा जमिनीचा? माल असेल तर युनिफॉर्म कमर्शियल कोड लागू होतो, आणि मग नवे प्रतिफल नसतानाही सद्भावनेने केलेला बदल बंधनकारक ठरतो, ५०० डॉलर किंवा अधिक किमतीच्या व्यवहारासाठी लेखी पुरावा लागतो, आणि व्यापाऱ्याने सही करून लेखी दिलेला कायम (खुला ठेवण्याचे वचन असलेला) प्रस्ताव जास्तीत जास्त तीन महिने प्रतिफलाशिवाय टिकतो. सेवा असेल तर यांतले बरेचसे उलटे होते.

पुराव्याच्या विषयात मृत्युपूर्व जबाब हा असाच सापळा आहे. भारतीय पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ३२ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली, जबाब देताना मृत्यू जवळ आल्याची जाणीव असणे आवश्यक नाही. पण विधान करणारा मरण पावलेला असावा लागतो. अमेरिकेच्या संघीय नियमांत अगदी उलट आहे : आपण मरणार अशी खात्री असताना विधान केलेले असावे लागते, मात्र नंतर ती व्यक्ती वाचली आणि दुसऱ्या कारणाने साक्षीला अनुपलब्ध असली तरी चालते. शिवाय हा अपवाद फौजदारीत फक्त मनुष्यवधाच्या खटल्यात आणि दिवाणी दाव्यांत वापरता येतो. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीजबाबाबद्दलही असेच आहे. आपल्याकडे तो आरोपीविरुद्ध चालत नाही, हे पहिल्या वर्षापासून मनात रुजलेले असते. अमेरिकेत तो चालतो. तिथे विचारायचे ते असे : आरोपी ताब्यात होता का, त्याची पोलीस चौकशी चालू होती का, मिरांडाची सूचना (गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे ही) दिली होती का, आणि जबाब स्वेच्छेने दिला होता का?

बेकायदा झडतीतून मिळालेल्या वस्तूंचे काय, हाही मोठा फरक आहे. भारतात १९७४ च्या पूरनमल निवाड्यापासून झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो निवाड्याने संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचा (अवाजवी झडतीपासून संरक्षण) भंग करून मिळवलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळायला लावला. म्हणून तिथल्या फौजदारी प्रक्रियेच्या प्रश्नांत गुन्हा झाला का यापेक्षा वॉरंट होते का आणि नसेल तर कोणता अपवाद बसतो, यावर सारा भर असतो.

संविधानात शब्द सर्वांत सारखे आणि रचना सर्वांत वेगळी आहे. आपल्याकडे शेषाधिकार, म्हणजे कोणत्याही यादीत न आलेल्या विषयांवरचे अधिकार, संसदेकडे आहेत. अमेरिकेत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, संविधानाने मोजून दिलेलेच अधिकार आहेत आणि उरलेले राज्यांकडे आहेत. त्यामुळे ‘जनहितासाठी काँग्रेसला हा कायदा करता येतो’ असा पर्याय दिसला की तो बहुधा चुकीचा असतो, कारण आरोग्य, सुरक्षितता आणि नीतीसाठी कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार राज्यांचा आहे. जनहित याचिकांच्या वातावरणात शिकलेल्या वकिलाला दावा करण्याच्या पात्रतेचे अमेरिकन निकष फार अरुंद वाटतात, पण प्रत्यक्ष हानी, तिचा प्रतिवादीशी संबंध आणि न्यायालयाच्या आदेशाने ती दूर होण्याची शक्यता हे तिन्ही दाखवल्याशिवाय तिथे दार उघडत नाही.

मालमत्तेत दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. आपल्याकडे १०० रुपये किंवा अधिक किमतीच्या मूर्त स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पूर्ण होत नाही, आणि विक्रीचा करार स्वतः मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही. अमेरिकेत दस्त योग्य रीतीने सुपूर्द झाला आणि स्वीकारला गेला की नोंदणी नसतानाही देणारा व घेणारा यांच्यात हस्तांतरण पूर्ण होते. विक्रीचा करार होताच खरेदीदार इक्विटीच्या (न्यायबुद्धीवर आधारलेल्या नियमांच्या) दृष्टीने मालक मानला जातो, त्यामुळे करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर दरम्यान घर जळाल्यास तोटा बहुसंख्य नियमाप्रमाणे त्याच्या माथी येतो.

तिसरी पायरी : विषयांचा क्रम

सात विषय सारख्या दिवसांत वाटणे सोयीचे दिसते, पण ते शहाणपणाचे नाही. दिवाणी प्रक्रिया सर्वांत आधी घ्यावी, कारण ती भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेशी सर्वांत कमी जुळते आणि तिला मुरायला वेळ लागतो. आपल्याकडे दाव्याचे कारण अंशतः जिथे घडले तिथले न्यायालय साधारणतः पुरते. तिथे संघीय न्यायालयात जाण्यासाठी विषयाधिकार (अशा प्रकारचा दावा ऐकण्याचा अधिकार), प्रतिवादीवरील अधिकार आणि स्थळ हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावे लागतात. भिन्न राज्यांच्या नागरिकत्वावर आधारलेल्या अधिकारासाठी प्रत्येक वादी प्रत्येक प्रतिवादीपेक्षा वेगळ्या राज्याचा नागरिक असावा लागतो आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असावी लागते. बरोबर ७५,००० चालत नाहीत. कंपनी तिची नोंदणी जिथे आहे त्या राज्याची आणि तिचे मुख्य कार्यालय जिथून चालते त्या राज्याची, अशी दोन्ही राज्यांची नागरिक असते. म्हणजे न्यू जर्सीच्या रहिवाशाने डेलावेअरमध्ये नोंदलेल्या पण न्यू जर्सीतून चालवल्या जाणाऱ्या कंपनीवर दावा केला तर भिन्नता उरत नाही.

याच नियमाचा एक भाग आपल्या लोकांच्या जगण्याजवळचा आहे. एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत राहणारा भारतीय नागरिक न्यू जर्सीच्या नागरिकावर ७५,००० डॉलरपेक्षा मोठ्या रकमेचा दावा संघीय न्यायालयात करू शकतो, कारण तो परकीय नागरिक आहे. तोच माणूस ग्रीन कार्ड मिळून तिथेच स्थायिक झाला की हा मार्ग बंद होतो. हे उदाहरण एकदा मनात बसले की परकीय नागरिकांविषयीचा अधिकार पुन्हा विसरत नाही.

प्रतिवादीवरील अधिकार, स्थळ आणि समन्सची बजावणी याबद्दलच्या हरकती पहिल्याच उत्तरात किंवा अर्जात घेतल्या नाहीत तर कायमच्या जातात. विषयाधिकाराची हरकत मात्र केव्हाही, अगदी अपिलातही घेता येते. हा फरक परीक्षेत पुनःपुन्हा येतो.

त्यानंतर पुरावा आणि करार घ्यावेत, मग मालमत्ता. मालमत्तेत परपेच्युइटीच्या नियमावर (भविष्यातील हक्क किती काळात निश्चित व्हावा याची मर्यादा) फार दिवस घालवू नयेत. ‘हयात असलेल्या व्यक्तीचे आयुष्य अधिक २१ वर्षे’ हे सूत्र आणि दोन-तीन नमुना प्रश्न पुरे, त्यापेक्षा नोंदणीच्या तीन प्रकारच्या कायद्यांवर वेळ द्यावा. उदाहरण असे : मालकाने १ मार्चला अ ला जमीन विकली, अ ने नोंदणी केली नाही. १० मार्चला मालकाने तीच जमीन काहीही माहीत नसलेल्या ब ला पूर्ण किमतीला विकली. अ ने १२ मार्चला नोंद केली, ब ने १५ मार्चला. केवळ आधी नोंदवणाऱ्याला मान देणाऱ्या कायद्यात अ जिंकतो. माहिती नसलेल्या खरेदीदाराला मान देणाऱ्या कायद्यात ब जिंकतो, कारण खरेदीच्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही अटी एकत्र मागणाऱ्या कायद्यात पुन्हा अ जिंकतो, कारण ब निष्पाप असला तरी नोंदणीत मागे पडला. प्रश्नात कायद्याचा मजकूर दिलेला असतो. त्यातील ‘विदाउट नोटिस’ आणि ‘फर्स्ट रेकॉर्डेड’ हे शब्द अधोरेखित केले की अर्धे उत्तर मिळते.

टॉर्ट भारतीय विद्यार्थ्याला तुलनेने सोपा जातो. एमबीईतील टॉर्टचे जवळपास निम्मे प्रश्न निष्काळजीपणावर असतात, तेव्हा कर्तव्य, भंग, कारणसंबंध आणि हानी हे चार घटक पक्के करून पुढे सरकावे. एक सूचना पुरे : एम. सी. मेहता निवाड्यातील निरपवाद दायित्वाचा (चूक नसतानाही, कोणत्याही अपवादाविना जबाबदारी) विचार इथे आणू नये.

फौजदारी कायद्यात भारतीय न्याय संहितेच्या व्याख्या बाजूला ठेवून कॉमन लॉच्या व्याख्या शब्दशः पाठ कराव्यात. घरफोडीसाठी दुसऱ्याचे राहते घर, रात्रीची वेळ, मोडून आत शिरणे आणि शिरतानाच गंभीर गुन्ह्याचा इरादा, हे सर्व लागते. आत गेल्यावर चोरीचा मोह झाला तर ती घरफोडी नव्हे.

चौथी पायरी : प्रश्न आणि चुकांची नोंद

विषय पूर्ण होण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यापासूनच रोज प्रश्न सोडवावेत. नॅशनल कॉन्फरन्सने प्रसिद्ध केलेले खरे जुने प्रश्न वापरणे केव्हाही चांगले, कारण त्यांची भाषा आणि फसवण्याची पद्धत इतरांना हुबेहूब साधत नाही. सुरुवातीला वेळ न लावता एकेक प्रश्न सोडवून चारही पर्यायांची कारणे वाचावीत. बरोबर आलेल्या प्रश्नाचेही स्पष्टीकरण वाचावे, कारण चुकीच्या कारणाने बरोबर आलेले उत्तर परीक्षेत दुसऱ्यांदा बरोबर येईलच असे नाही.

प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : नियम माहीतच नव्हता, नियम माहीत होता पण घटक सुटला, तथ्य नीट वाचले नाही, प्रश्न नेमके काय विचारतो हे पाहिले नाही, किंवा भारतीय नियम लावला. शेवटच्या कारणाला वेगळी खूण करावी आणि तो नियम त्याच दिवशी दोन रकान्यांच्या तक्त्यात जावा. दोन आठवड्यांनी ही नोंद चाळली की वेळ कुठे द्यायचा हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. तथ्य नीट न वाचल्याच्या चुका जास्त असतील तर आणखी नियम पाठ करून उपयोग नाही. अशा वेळी प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचून मग वरून वाचण्याची सवय लावावी.

पाचवी पायरी : निबंध आणि एमपीटी

भारतीय विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकेची सवय इथे सर्वाधिक नडते. प्रस्तावना, संकल्पनेचा इतिहास, विद्वानांच्या व्याख्या आणि निवाड्यांची रांग यांना एमईईत जागा नाही. मुद्दा एका ओळीत, नियम घटकांसह एक-दोन वाक्यांत, मग प्रश्नातील तथ्ये एकेका घटकाला लावणे, आणि शेवटी निष्कर्ष, अशीच रचना प्रत्येक उपप्रश्नात ठेवावी. ‘ब ने ३ जूनला स्वीकृती टपालात टाकली, त्यामुळे त्याच क्षणी करार झाला, आणि नंतरचा ईमेल अ ला आधी मिळाला असला तरी तो करार मोडू शकत नाही, कारण अ ने त्यावर विसंबून काही केल्याचे तथ्यांत नाही,’ असे वाक्य गुण मिळवते, कारण त्यात तारीख, कृती आणि नियम एकमेकांना जोडलेले आहेत. नियम आठवत नसेल तर जवळचा तर्कशुद्ध नियम लिहून तथ्ये त्याला लावावीत. कोरी जागा सोडण्यापेक्षा त्यात निश्चितच अधिक गुण मिळतात.

आठवड्याला किमान चार निबंध बरोबर ३० मिनिटांत लिहावेत. न्यूयॉर्कचे बार मंडळ जुन्या परीक्षांची निवडक उत्तरे प्रसिद्ध करते. ती निर्दोष नसतात, तरी खऱ्या परीक्षार्थीने खऱ्या वेळेत किती लिहिले होते हे त्यातून कळते.

एमपीटीसाठी नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून बहुतेक जण तिला हात लावत नाहीत. हे फार मोठे नुकसान आहे, कारण २० टक्के गुण तिच्यात आहेत आणि इथे भारतीय व अमेरिकन परीक्षार्थी एकाच रेषेवर उभे असतात. फ्रँकलिन नावाच्या काल्पनिक राज्यातील प्रकरणाची कागदपत्रे आणि त्यासाठी लागणारा सगळा कायदा प्रश्नपत्रिकेतच दिलेला असतो. बाहेरचा कायदा आणायचा नसतो. आधी वरिष्ठाचे टिपण वाचून मेमो, अर्ज की पत्र मागितले आहे ते पाहावे, मग कायदा, मग कागदपत्रे. ४५ मिनिटांनंतर वाचन थांबवून लिहायला घ्यावे. परीक्षेपूर्वी आठ-दहा पूर्ण एमपीटी वेळ लावून लिहिल्या पाहिजेत.

शेवटचे दहा दिवस

या काळात नवे काही उघडू नये. रोज एक विषय घेऊन, नियमवही मिटून, कोऱ्या कागदावर त्याचे नियम घटकांसह लिहावेत आणि नंतर वहीशी ताडून लाल शाईने सुटलेले घटक भरावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त लाल भाग पुन्हा लिहावा. आकड्यांसाठी एक वेगळे पान ठेवावे : समन्स बजावल्यावर उत्तरासाठी २१ दिवस, समन्सची बजावणी स्वेच्छेने माफ केल्यास विनंती पाठवल्यापासून ६० दिवस, राज्य न्यायालयातून संघीय न्यायालयात प्रकरण नेण्यासाठी बजावणीपासून ३० दिवस, निकालानंतर नव्या खटल्याच्या अर्जासाठी २८ दिवस आणि अपिलासाठी सर्वसाधारणतः ३० दिवस. दोन रकान्यांचा तक्ता मात्र रोज पूर्ण वाचावा, कारण ताणाखाली मन जुन्या, आधी शिकलेल्या नियमाकडे धावते.

एमबीईच्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. तीन तासांच्या सत्रात ९० मिनिटांनी पन्नासावा प्रश्न झालेला असावा. तो झाला नसेल तर पुढच्या दहा प्रश्नांत वेग वाढवून अंतर भरून काढावे, शेवटच्या वीस मिनिटांवर ढकलू नये. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे अडलेल्या प्रश्नात दोन पर्याय बाद करून उरलेल्यांपैकी एक निवडावा, खूण करून पुढे जावे आणि सत्र संपण्यापूर्वी एकही प्रश्न अनुत्तरित राहिलेला नाही हे तपासून घ्यावे.